सहाव्या फेरीचा अर्ज

सहाव्या फेरीच्या जोड्यांचा कागद भिंतीवर लागला तेव्हा दातवाले खाली नळावर तोंड धूत होते. वर आले तर कागदापुढे घोळका जमला होता आणि त्यांना पाहून दोघं-तिघं बाजूला सरकले. कोणी वाट करून देतंय म्हणजे बातमी चांगली नाही, एवढं त्यांना तेवढ्यात कळलं.

टेबल एक. पांढऱ्या सोंगट्या विजेत्याकडे, काळ्या दातवाल्यांकडे. विजेता म्हणजे गेली दोन वर्षं ही बुद्धिबळाची स्पर्धा जिंकणारा विमा कंपनीतला माणूस, सगळे त्याला नुसतं विजेता म्हणत. टेबल दोनवर चिटणिसांची भाची, आणि तिच्यासमोर एक शिंपी. शिंप्याचे गुण चार. दातवाले, विजेता आणि भाची या तिघांचे साडेचार.

दातवाल्यांनी कागद दोनदा वाचला. अशा स्पर्धेत कोणी बाद होत नाही. सातही फेऱ्या सगळे खेळतात आणि दर वेळी सारख्या गुणांचे लोक एकमेकांसमोर येतात. जिंकत गेलं की समोरचा तगडा होत जातो. तिघांचे गुण सारखे, मग त्या पोरीला चार गुणांचा शिंपी का? आणि आपल्याला विजेता, तोही लागोपाठ दुसऱ्यांदा काळ्या घेऊन? ती क्लबाच्या चिटणिसांची भाची नसती तरी हा कागद असाच निघाला असता का?

एकतीस वर्षं दातवाल्यांनी एका लॅबमध्ये कवळ्या बनवल्या होत्या. मेणात एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर नीट मिटतो का ते पाहायचं, केसाएवढा फरक राहिला तर पुन्हा मेण तापवायचं. गेल्या हिवाळ्यात मालकाने यंत्र आणलं. यंत्र कवळी एका ठोकळ्यातून कोरून काढायचं. मालक वाईट नव्हता. त्याने त्यांना खुर्चीत बसवून, पाणी देऊन सांगितलं. दातवाल्यांनी आपल्या सुऱ्या आणि मेणाचा दिवा एका डब्यात भरला आणि ते घरी आले. तेव्हापासून ते घरीच होते. बायको सकाळी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला जायची, आणि ती परत येईपर्यंत घरात नुसता घड्याळाचा आवाज.

म्हणून यंदाची स्पर्धा त्यांनी मनावर घेतली होती. पहिल्या तिघांना प्रांताच्या संघात जागा मिळणार होती. सव्वीस वर्षांत ते कधी नवव्याच्या वर गेले नव्हते. यंदा पाच फेऱ्यांत चार डाव जिंकले, एक बरोबरीत सुटला. बायको रोज रात्री जेवताना विचारायची, आणि ते सांगताना त्यांचा आवाज महिन्यांनी पहिल्यांदा मोकळा यायचा.

जोड्या लावायचं काम पंचाचं, आणि पंच होता फूटपट्टी.

फूटपट्टी म्हणजे दातवाल्यांचा अठ्ठावीस वर्षांचा मित्र. भूमापन कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेला. नाव पडलं ते कामामुळे, आणि टिकलं ते स्वभावामुळे. नाकासमोर चालणारा माणूस. त्याच्या पंचगिरीवर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. पण या स्पर्धेत दोन दिवसांपासून तो दातवाल्यांच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. मधल्या सुट्टीत दोघं नेहमी एकाच बाकावर डबा खायचे. यंदा फूटपट्टी डबा घेऊन संगणकापाशीच बसायचा, काम आहे म्हणायचा.

त्यातच भूगोलाच्या बाई जवळ आल्या. त्या मुलींच्या शाळेत शिकवत, खेळायच्या चांगल्या, बोलायच्या मोजकं. काल संध्याकाळी चिटणीस फूटपट्टीच्या खांद्यावरून संगणकात डोकावत होते, हे आपण डोळ्यांनी पाहिलं, असं त्यांनी सांगितलं. आपण पाचव्या फेरीत विजेत्याशी हरलो त्याचं काही नाही, पण जोड्यांमध्ये काहीतरी शिजतंय असं आपल्याला आधीपासून वाटतंय, असंही म्हणाल्या.

दातवाल्यांच्या मनात आधीच पाल चुकचुकली होती. आता त्यांना सगळं लख्ख दिसल्यासारखं झालं. फूटपट्टी नजर का चुकवतो, डबा वेगळा का खातो. चिटणिसांपुढे त्याची मान झुकली होती, आणि जुन्या मित्राला तोंड दाखवायची लाज वाटत होती. राग त्यांना चिटणिसांचा आला नाही. फूटपट्टीचा आला.

फेरीला पाऊण तास होता. त्यांनी वाचनालयाच्या टेबलावरून एक कोरा कागद मागून घेतला आणि अर्ज लिहिला. सहाव्या फेरीच्या जोड्या सगळ्यांसमोर पुन्हा लावाव्यात, आधीच्या फेऱ्यांच्या जोड्याही तपासाव्यात, आणि तोवर खाली सह्या करणारे पटावर बसणार नाहीत. एकूण सात सह्या झाल्या. शिंप्याने सही केली नाही, पण तुमचं चुकत नाही असं कानात सांगून गेला.

अर्ज दिल्यावर दहा मिनिटांनी फूटपट्टी त्यांना शोधत जिन्यात आला. चेहरा उतरलेला. त्याने आधी मागे कोणी नाही ना ते पाहिलं.

"अर्ज मागे घे," तो म्हणाला.

"का?"

"या फेरीच्या जोड्या नियमाने आहेत. विजेता आणि ती मुलगी चौथ्या फेरीत एकमेकांशी खेळलेत, पुन्हा खेळवता येत नाही. मग तुम्हा तिघांतलं एक कोणीतरी खाली जाणार, आणि मानांकनात ती सगळ्यांत खाली आहे. म्हणून ती गेली. शप्पथ."

"मग तपासू दे की. तुला भीती कसली?"

फूटपट्टीने कठड्याला धरलं. "सगळ्या फेऱ्या तपासा असं कशाला लिहिलंस? घे रे मागे. मी सांगतोय म्हणून घे."

"तू सांगतोयस म्हणूनच घेत नाही," दातवाले म्हणाले, आणि जिना चढून वर गेले.

वर जाताना त्यांना बरं वाटत होतं. आपण इतक्या ठाम आवाजात शेवटचं कधी बोललो होतो, ते त्यांना आठवेना.

ठरल्या वेळी घड्याळं सुरू झाली. सातजण भिंतीला टेकून उभे राहिले. सभागृहात तीस-बत्तीस पट, प्रत्येकावर डोकी वाकलेली, आणि मध्ये सात पटांवर एका बाजूलाच माणूस बसलेला. अर्ध्या तासात जो पटावर येणार नाही त्याचा डाव गेला, असा नियम. पाच मिनिटांनी एकजण खोकला, आपली मुलगी बाहेरगावाहून डाव बघायला आल्याचं पुटपुटला आणि जाऊन बसला. मग दुसरा काही न सांगताच गेला. पंधराव्या मिनिटाला तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच काढता पाय घेतला. भिंतीशी दातवाले आणि भूगोलाच्या बाई उरल्या.

टेबल एकवर विजेत्याने पहिली चाल करून घड्याळ दाबलं होतं. तो हाताची घडी घालून शांत बसला होता. एकदा त्याने दातवाल्यांकडे पाहून खुर्चीकडे हलकेच हात केला, या बसा अशा अर्थाने. त्यात खोच नव्हती. दातवाल्यांना क्षणभर जावंसं वाटलं. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे आलं होतं, आणि याला काय उत्तर द्यायचं हे त्यांनी घरी आठवडाभर घोकलं होतं. पण बाई शेजारी उभ्या होत्या. ते जागचे हलले नाहीत. घड्याळाचा काटा पडला आणि डाव विजेत्याचा झाला. बाईंचाही गेला.

फेरी संपल्यावर तक्रार समिती बसली. तिघांची समिती होती आणि तिच्या प्रमुख एक वकीलबाई होत्या. त्या फक्त दरवर्षी बक्षिसं द्यायला येत आणि सरबत पिऊन जात. या वेळी त्यांनी चष्मा लावला, संगणक पुढ्यात ओढून घेतला आणि दार उघडंच ठेवा म्हणाल्या. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं.

चिटणीस आधी बोलले. दातवाल्यांना वाटलं होतं ते हात झटकतील, आरडाओरडा करतील. तसं काही झालं नाही. आपण काल पंचांमागे उभे होतो ते दिव्यांच्या बिलासाठी खेळाडूंचा आकडा हवा होता म्हणून, असं त्यांनी सांगितलं, आणि आपल्या घरातल्या मुलीचं नाव आल्याने आपण खोलीबाहेर थांबतो म्हणाले. दाराशी उभी असलेली भाची मात्र आत आली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. वहीच्या पानावर नखाने रेघा ओढत ती म्हणाली, "मी जिंकले की सगळे म्हणतात मामांमुळे. लहानपणापासून ऐकतेय. आज एकदाचं तपासाच. सगळ्या फेऱ्या तपासा."

फूटपट्टी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर.

वकीलबाईंना त्या कामातलं फारसं कळत नव्हतं, पण समितीतल्या दुसऱ्या गृहस्थांना कळत होतं. संगणक जोड्या आपोआप लावतो, आणि पंचाने हाताने काही बदललं तर त्याची नोंद ठेवतो, असं त्यांनी समजावलं. सहावी फेरी आधी पाहिली. नियमाप्रमाणे, एकही बदल नाही. भाचीच्या आधीच्या पाचही फेऱ्या पाहिल्या. बदल नाही. झालं ते झालं, माफी मागावी लागणार, असा विचार दातवाले करत होते.

मग ते गृहस्थ थांबले. त्यांनी वकीलबाईंना पडद्यावर काहीतरी दाखवलं. वकीलबाईंनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने.

"फेरी तिसरी. हाताने केलेला बदल एक. दातवाल्यांचा डाव गेल्या वर्षीच्या उपविजेत्याशी होता. तो काढून त्यांना नवख्या दुकानदारासमोर बसवलं. फेरी पाचवी. हाताने केलेला बदल एक. दातवाल्यांचा डाव विजेत्याशी होता. तो काढून त्यांना पोस्टमनसमोर बसवलं, आणि पोस्टमनशी ज्यांचा डाव होता त्यांना विजेत्यासमोर." त्यांनी वर पाहिलं. "त्या भूगोलाच्या बाई."

खालून रस्त्यावरच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. दातवाल्यांनी फूटपट्टीकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता, फरशीकडे बघत होता. वकीलबाईंनी त्याला विचारलं की हे बदल तुम्ही केलेत का. त्याने हो म्हटलं. कोणी सांगितलं म्हणून केलेत का, त्यावर नाही म्हटलं. का केलेत, यावर तो म्हणाला, "चूक झाली. दोनदा झाली. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, एवढं लिहून घ्या."

ते लिहून घेतलं. पण लिहिल्याने कोणी मानतं थोडंच. दातवाले खोलीबाहेर आले तेव्हा लोकांनी पुन्हा वाट करून दिली, आणि या वेळी जरा जास्तच. भूगोलाच्या बाई जिन्यापाशी पिशवी भरत होत्या. दातवाले त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. शब्द जुळवायचा प्रयत्न करत होते, तेवढ्यात बाईंनीच विचारलं.

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं हो, बाई."

"पोस्टमनसमोर बसलात तेव्हा काही वाटलं नाही? सारख्या गुणांत सहाजण होतो आपण. सगळ्यांत सोपा तोच होता."

दातवाल्यांना वाटलं होतं. पाचव्या फेरीचा कागद वाचताना त्यांच्या छातीतून एक सुस्कारा निघाला होता. यंदा नशीब साथ देतंय, असं मनाशी म्हणून ते खुर्चीत बसले होते. त्या दिवशी त्यांना नियम आठवला नव्हता. नियम आठवला सहाव्या फेरीला.

बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. आपण खऱ्याच्या बाजूने उभं राहून एक डाव सोडला, असं त्यांना दुपारी वाटलं होतं. आता काय वाटतंय ते त्यांनी सांगितलं नाही. पिशवीची चेन ओढली आणि उतरून गेल्या.

समितीने निकाल दिला. खेळलेले डाव कायम, कारण पटावर कोणी लबाडी केली नव्हती. फूटपट्टीची पंचगिरी कायमची काढून घेतली. दातवाल्यांनी सातवी फेरी न खेळता स्पर्धा सोडली. भाची दुसरी आली. तिच्या गळ्यात पदक घालताना चिटणीस मुद्दाम व्यासपीठावर गेले नाहीत, असं मागाहून कानावर आलं.

घरी बायकोने सगळं ऐकलं. ती ताटं विसळत होती. उभं राहा, माघार घेऊ नका, असं त्या दुपारी अर्ज देताना त्यांनी केलेल्या फोनवर तिनेच सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "त्यांनी असं का केलं, ते विचारलंत का तुम्ही?"

नव्हतं विचारलं. विचारायला पाच दिवस लागले.

फूटपट्टीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. वहिनींनी दार उघडलं, "या भावजी," म्हणाल्या, पण नेहमीसारखं हसल्या नाहीत. पाणी ठेवून स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. फूटपट्टी खिडकीपाशी नकाशाच्या फळीवर वाकला होता. कोणाच्या तरी घराचा आराखडा काढत होता, पेन्सिलीला टोक करून करून अंगठा काळा झालेला. दातवाले समोरच्या स्टुलावर बसले.

थोडा वेळ हवापाण्याचं झालं. मग दातवाल्यांनी विचारलं.

फूटपट्टीने पेन्सिल खाली ठेवली. "लॅब सुटली त्या आठवड्यात तू इथे आला होतास. याच स्टुलावर बसला होतास. सकाळी उठायचं कशासाठी तेच कळत नाही, असं म्हणालास. तीनदा म्हणालास. मग आमच्या इमारतीची गच्ची उघडी असते का, असं विचारलंस."

"मी सहज विचारलं असेल."

"असेल. मला त्या रात्री झोप आली नाही. पुढेही कितीतरी रात्री आली नाही. मग स्पर्धा आली, तू पहिले डाव जिंकलास, आणि तुझा चेहरा बदलला. तिसऱ्या फेरीला तुला उपविजेता लागला. मी बघत बसलो त्या पडद्याकडे. एक नाव इकडचं तिकडे करायचं, बस. आयुष्यभर एक रेघ वाकडी काढली नाही रे मी."

दातवाल्यांना खरं तर त्याचा हात धरायचा होता. पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"म्हणजे मी हरलो असतो, असं तुला वाटलं."

फूटपट्टी फळीवरचा कागद सरळ करू लागला.

"सांग ना. उपविजेत्याशी जिंकलो नसतो, विजेत्याशीही नाही. निदान बरोबरी तरी केली असती मी. एखादी."

हो म्हणायला काही जात नव्हतं. दुसरा कोणी असता तर म्हणालाही असता. पण खोटेपणा करून करून फूटपट्टी पार थकला होता, आणि आता पुन्हा एकदा करायचं त्याच्या अंगात त्राण नव्हतं.

"नसती केलीस," तो म्हणाला.

दातवाले उठले. पेल्यातलं पाणी तसंच राहिलं. दारापर्यंत फूटपट्टी मागे आला, काहीतरी बोलायला म्हणून हात वर केला, पण दातवाले जिना उतरू लागले होते.

वर्ष गेलं. दातवाल्यांना एका शाळेच्या प्रयोगशाळेत साचे आणि सांगाडे नीट करून ठेवायचं अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. क्लबात जाणं त्यांनी सोडलं होतं, तरी स्पर्धेची जाहिरात आली तेव्हा नाव नोंदवलं. नवीन पंच दुसऱ्या गावचा होता, कोणाला ओळखत नव्हता. दुसऱ्याच फेरीत दातवाल्यांसमोर विजेता आला.

ते चांगले खेळले. सव्वीस चालींपर्यंत पट बरोबरीचा होता. मग त्यांचा उंट एका कोपऱ्यात अडकला. तो सोडवायला घोडा मागे घ्यावा लागला, आणि तिथून हळूहळू सगळंच आवळत गेलं. चाळिसाव्या चालीला त्यांनी राजा आडवा केला. विजेत्याने हात मिळवला आणि आज तुम्ही मला घाम फोडलात म्हणाला. खरं बोलत होता. शेजारच्या टेबलावरून भूगोलाच्या बाईंनी एकदा मान वर करून पटाकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या डावात घातली.

दुपारी चारचा सुमार. दातवाले डावाचा कागद घडी करून खिशात घालून बाहेर पडले आणि पाय आपोआप त्या रस्त्याला लागले. सव्वीस चाली. त्याला दाखवायच्या होत्या. हरलो, तुझं बरोबर होतं, पण या सव्वीस चाली बघ, एवढंच म्हणायचं होतं. एवढं सांगायला त्यांच्याकडे दुसरं कोणी नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर त्यांनी घंटी वाजवली. वहिनींनी दार अर्धंच उघडलं. त्यांच्या खांद्यावरून आत खिडकीपाशी फळीवरचा दिवा लागलेला दिसत होता, आणि कागदावर पट्टी सरकवल्याचा आवाज येत होता.

"ते झोपलेत, भावजी," वहिनी म्हणाल्या.

आतला आवाज थांबला.

"बरं," दातवाले म्हणाले. "येतो मी."

खालच्या वळणापर्यंत ते कठडा धरून उतरले. वर दार लागल्याचं त्यांना ऐकू आलं. पट्टीचा आवाज पुन्हा सुरू झाला की नाही, ते तिथून कळायला मार्ग नव्हता.